नांगर, शिक्का आणि अंगठा

दिवाळीच्या साफसफाईत घरोघरी एक तरी पेटी अशी निघते, की तिच्यात काय आहे हे घरातल्या कोणालाच नीटसे सांगता येत नाही. आणि तरीही ती टाकून द्या असे म्हणण्याचे धैर्य कोणाला होत नाही. पणजोबांच्या वेळचे एखादे गहाणखत, भावाभावांतले वाटणीपत्र, कोणा निपुत्रिक आत्याच्या मृत्युपत्राची नक्कल, असा ऐवज तिच्यात असतो. मला मोडी वाचता येत असल्यामुळे अशी पुडकी अधूनमधून माझ्याकडे येतात. आणणाऱ्यांची उत्सुकता ठरलेली असते. शेत कोणाचे, रक्कम किती, वाडा कोणत्या शाखेकडे गेला? तेवढे कळले की त्यांचे समाधान होते. कागदाच्या पायथ्याशी असलेली नावे मी वाचू लागलो, की ते म्हणतात, "ती राहू द्या हो. ती काही आमच्या घराण्यातली नाहीत."

ती त्यांच्या घराण्यातली नसतात, हे खरे. आणि म्हणूनच ती तिथे असतात! ज्यांना त्या शेतातला दाणा मिळायचा नव्हता किंवा वाड्याची एक वीटही मिळायची नव्हती, अशा माणसांनी आपले नाव त्या कागदाखाली का घातले? आणि त्या परक्या नावांवाचून घरच्या सहीला किंमत का नव्हती? या प्रश्नांच्या मागे लागलो तर आपल्या समाजाचा बराच इतिहास हाती लागतो.

प्रथम शब्दांकडेच पाहू. 'साक्षी' म्हणजे ज्याने स्वतः, साक्षात पाहिले तो. पाणिनीने या शब्दाची फोड अशीच केली आहे. ऐकणारा, तर्क करणारा किंवा खात्री असणारा हा साक्षी नव्हे. पाहणारा तो साक्षी. जुन्या मराठी कागदांत याच माणसाला 'गोही' म्हटलेले आढळते. तो फारसी 'गवाह'चा मराठी अवतार. आणि ज्या पत्रावर साऱ्या गावाच्या साक्षी पडत त्या 'महजरा'चे मूळ अरबी आहे. आपण रोज वापरतो तो 'हजर' हा शब्द आणि 'महजर' ही एकाच धातूची लेकरे. महजर म्हणजे हजेरी. ज्याला आज आपण दस्तऐवज म्हणतो, तो त्या लोकांच्या लेखी मुळात कागद नव्हताच. माणसे एकत्र हजर होती, या गोष्टीची ती खूण होती.

धर्मशास्त्रकारांनी या गोष्टीचा विचार किती बारकाईने केला होता, हे याज्ञवल्क्यस्मृतीतले लेख्यप्रकरण वाचताना ध्यानात येते. खतात वर्ष, महिना, पक्ष, तिथी असावी. दोन्ही पक्षांची नावे, जात, गोत्र असावे. मजकूर पुरा झाला की ऋणकोने स्वतःच्या हाताने, बापाच्या नावासह, वरील मजकूर आपल्याला मान्य असल्याचे लिहावे. त्याखाली साक्षीदारांनी, तेही स्वहस्ते व बापाचे नाव घालून, या कामी आपण साक्षी आहोत असे लिहावे. आणि अगदी शेवटी लेखकाने, उभयतांच्या सांगण्यावरून हे आपण लिहिले, अशी नोंद करावी. आजच्या कोणत्याही खताशी हा क्रम ताडून पाहा. फारसा फरक दिसणार नाही. याच स्मृतीवर 'मिताक्षरा' ही विख्यात टीका लिहिणारा विज्ञानेश्वर हा चालुक्य राजा विक्रमादित्य सहावा याच्या कल्याणी नगरीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, होऊन गेला. तेव्हा हा विचार आपल्या अंगणातलाच म्हटला पाहिजे.

विष्णुस्मृती तर याहून एक पाऊल पुढे जाते. लेखाचे तिने तीन प्रकार सांगितले आहेत: राजसाक्षिक, ससाक्षिक आणि असाक्षिक. राजाने नेमलेल्या लेखकाने राजाच्या कचेरीत लिहिलेला, अधिकाऱ्याच्या हाताची खूण असलेला तो पहिला. साक्षीदारांच्या सह्यांचा दुसरा. आणि कर्त्याने निव्वळ स्वतःच्या हाताने लिहिलेला तिसरा. आजची सरकारी नोंदणी, साक्षीदार आणि स्वहस्ताक्षर ही तिन्ही त्यात आली. असाक्षिक लेख स्वहस्ताक्षराचा असेल तर तोही प्रमाण. मात्र बळजबरीने किंवा कपटाने लिहवून घेतलेला नसावा. ही अट फार महत्त्वाची आहे. हाताचे वळण पाहून हात कोणाचा ते कळते. पण तो हात कोणी पिरगळून धरला होता की काय, हे वळणावरून कळत नाही. ते सांगायला जवळ उभा असलेला माणूसच लागतो.

आता स्मृतींतून खाली उतरून मराठी मुलखातल्या एखाद्या गावी येऊ. पाटीलकीचा तंटा पडला आहे. थोरल्या शाखेचे म्हणणे वतन आमचे, धाकटीचे म्हणणे आमचे. गोतसभा भरते. गावचे पाटील-कुलकर्णी, शेटे-महाजन, बारा बलुती, परगण्याचे देशमुख-देशपांडे बसले आहेत. निकाल लागण्याच्या आधीच दोन्ही पक्षांकडून 'राजीनामा' लिहून घेत. आज नोकरी सोडताना देतात तो नव्हे. पंच देतील तो निवाडा मान्य करण्यास आम्ही राजी आहो, असे लिहून देणे म्हणजे राजीनामा. मग कागदपत्रे पाहायची, भोगवटा कोणाचा ते पाहायचे, गोही ऐकायचे. साक्षीदाराला नदीच्या पात्रात उभे करीत किंवा देवापुढे बेलभंडार उचलायला लावीत. खोटे बोलशील तर तुझे पूर्वज नरकात जातील, हे त्याला ऐकवीत. हे सारे थकले म्हणजे मग दिव्य. उकळत्या तेलातून धातूचा रवा काढणे. निवाडा झाला की हरलेल्याने जिंकलेल्याला 'येजितखत' लिहून द्यायचे, की माझा हक्क नाही, पुन्हा तंटा करणार नाही. या सगळ्याचे जे पत्र होई तो महजर. आरंभीच 'हाजीर मजालस' म्हणून सभेत बसलेल्यांची यादी, आणि शेवटी त्यांच्या निशाण्या.

या निशाण्या पाहण्यासारख्या असतात. पाटलाच्या नावापाशी नांगर. शेट्याच्या नावापाशी तागडी. कुंभाराचे चाक, न्हाव्याचा आरसा, शिंप्याची कातर, सुताराचे किंकरे, शिपाईगड्याची कट्यार. गावाचा सारा संसार त्या कागदाच्या पायथ्याशी मांडल्यासारखा दिसतो. पोरांना दाखविले तर ती चित्रे म्हणून पाहतील. आणि मोठ्यांना वाटेल, बिचाऱ्यांना लिहिता येत नव्हते!

पण मी तुम्हांला एक प्रश्न विचारतो. नांगराची ही खूण एका पाटलाची नव्हे. ती साऱ्याच पाटलांची. चार रेघांचा नांगर कोणीही काढील. सही म्हणून पाहिले तर याहून कुचकामी सही असू शकत नाही. मग शहाण्यासुरत्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या तिच्यावर वतने कशी सोपविली? माझ्या मते उत्तर असे, की त्यांनी ती तिच्यावर सोपविलीच नव्हती. पाटलाचा नांगर खरा, कारण तो काढला जात असताना न्हावी तिथे होता. न्हाव्याचा आरसा खरा, कारण कुंभार शेजारी होता. आणि कुंभाराचे चाक खरे, कारण पाटील समोर बसला होता. एकेक निशाणी दुबळी, पण सगळ्यांची मिळून मोळी मजबूत. उद्या कोणी म्हणाला की असे घडलेच नाही, तर त्याला एका माणसाला नव्हे, साऱ्या पांढरीला खोटे पाडावे लागे. आणि परवा त्याच पांढरीत त्याला मुलीचे लग्न करायचे असे.

या व्यवस्थेचे गोडवे गायचे मला कारण नाही. खोटे महजर त्या काळीही होत. इतिहाससंशोधकांचा पुष्कळसा वेळ ते ओळखण्यातच गेला आहे. शिवाय गाव ज्याच्या पाठीशी, त्याच्याच पाठीशी गोही. गावकीने वाळीत टाकलेल्याने, परगावाहून आलेल्याने, माहेर तुटलेल्या विधवेने साक्ष कोणाची आणावी? दहाजणांनी पाहिले हे जसे खऱ्याचे बळ, तसेच दहाजणांनी डोळे मिटले तर तेच खऱ्याचे मरण. पण गुण असो वा दोष, तो माणसांचा होता, कागदाचा नव्हता.

कागद माणसांपासून सुटला म्हणजे काय होते, याचा एक भयंकर दाखला इंग्रजी अमलाच्या आरंभीच मिळतो. त्यासाठी आपल्याला बंगालात जावे लागेल, कारण इंग्रजी न्यायासन आधी तिकडे रोवले गेले. कलकत्त्याचे सुप्रीम कोर्ट स्थापन झाले १७७४ साली. पुढच्याच वर्षी त्याच्यापुढे महाराजा नंदकुमार यांचा खटला आला. बुलाकीदास नावाच्या सावकाराच्या नावे त्यांनी खोटे खत केले, असा आरोप होता. खताखाली साक्षीदार तीन: महताब राय, महंमद कमाल आणि बुलाकीदासाचा वकील शिलावत. पैकी दोघांचे शिक्के, एकाची सही. कमालुद्दीन नावाचा गृहस्थ पुढे येऊन म्हणाला, हा शिक्का माझा. तो मी पूर्वीच महाराजांकडे दिला होता, साक्ष मात्र मी घातली नाही. बचाव असा, की खतावरचा कमाल तो हा नव्हेच. तो निराळा होता आणि वारला. महताब राय नावाचा माणूस मुळात जन्माला आला होता की नाही, यावरही दोन्ही बाजूंनी साक्षी झाल्या. तिन्ही साक्षीदार मेले, असे आरोपी म्हणत होता. म्हणजे कागद बोलत होता आणि त्याच्याविषयी बोलणारे कोणी उरले नव्हते. ५ ऑगस्ट १७७५ रोजी महाराजांना फाशी देण्यात आले. त्याच वर्षी त्यांनी गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज याच्यावर लाचखाऊपणाचा आरोप केलेला असल्यामुळे, तो न्याय होता की सूड, हा वाद अजून मिटलेला नाही. आपल्यापुरता बोध एवढाच: शिक्का माणसावाचून हिंडू शकतो, निशाणी माणसावाचून उमटू शकते, आणि साक्षीदार नुसता नावाचा राहिला तर खरे-खोटे ठरवायला दोरीशिवाय काही हाती राहत नाही.

दख्खनेत हीच गोष्ट शंभर वर्षांनी घडली. मात्र इथे गळफास एका महाराजाला बसला नाही, हजारो कुणब्यांना बसला. गोतसभा मोडल्या, दिवाणी कोर्टे आली. कोर्ट तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी. तिथल्या न्यायाधीशाला गावचा न्हावी ठाऊक नाही आणि कुंभारही ठाऊक नाही. त्याच्यापुढे येई तो कागद. त्यातच १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जाच्या दाव्याला तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू चांगला होता, की व्याज साठत राहू नये. पण सावकार दर तीन वर्षांनी नवे खत करून घेऊ लागला, आणि थकलेले व्याज नव्या खतात मुद्दल होऊन बसू लागले. अक्षरशत्रू कुणबी अंगठा उठवी किंवा निशाणी करी. लिहिणारा सावकाराचा, वाचणारा सावकाराचा, बैठकही त्याचीच. त्या बैठकीत कुणब्याच्या बाजूचा, मजकूर वाचून 'अरे, हे असे लिहिले आहे' एवढे सांगणारा माणूस क्वचितच असे. साक्षी कागदावर होत्या, डोळे नव्हते.

मग १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी भडका उडाला आणि पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. या दंग्यांची एक गोष्ट सरकारच्याही ध्यानात आली. लोक पैशांसाठी किंवा जिवावर उठून आले नव्हते. ते खते मागत होते. जिथे सावकाराने खते मुकाट्याने दिली, तिथे त्याच्या अंगाला सहसा कोणी हात लावला नाही. चौकात कागदांच्या होळ्या झाल्या. ज्या कागदात आपण हजर असूनही नव्हतो, तो कागद जाळायला मात्र सारा गाव हजर झाला!

चौकशीसाठी कमिशन बसले आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांपुरता तो होता. त्यात व्याजाच्या हिशेबाची कलमे आहेत, त्यांची चर्चा पुष्कळ झाली. मला मोलाचे वाटते ते त्यातले गावच्या रजिस्ट्रारांविषयीचे प्रकरण. शेतकऱ्याचे खत गावच्या रजिस्ट्राराने लिहावे किंवा त्याच्या देखरेखीखाली लिहिले जावे. त्याने पक्षकारांची ओळख पटवून घ्यावी. मजकूर मोठ्याने वाचून दाखवावा. आपल्यासमोर सही किंवा निशाणी घ्यावी. आणि एखाद्या पक्षकाराला वाचता येत नसेल तर दोन अब्रूदार साक्षीदारांच्याही सह्या घ्याव्यात. हे न केलेले खत कोर्टात पुरावा म्हणून चालणार नाही! विष्णुस्मृतीतला राजसाक्षिक आणि ससाक्षिक लेख एकत्र करून सरकारने पुन्हा गावात आणून ठेवला, असेच म्हणावे लागते. गावाने पाहिल्याशिवाय कागद खरा नाही, ही गोष्ट कळायला खतांच्या होळ्या व्हाव्या लागल्या.

दरम्यान साक्षीदाराला एक नवा प्रतिस्पर्धी निर्माण होत होता. २८ जुलै १८५८ रोजी बंगालातल्या जंगीपूर येथे विल्यम हर्शेल नावाच्या सनदी अधिकाऱ्याने राज्यधर कोणाई या कंत्राटदाराशी रस्त्याच्या खडीचा करार केला, आणि सही पुढे नाकारण्याचे धाडस त्याला होऊ नये म्हणून त्याच्या हाताला शाई लावून तळवा कागदाच्या पाठीवर उठवून घेतला. हेतू धाक घालण्याचा. पण हर्शेलला त्या रेषांचा नाद लागला. १८७७ साली हुगळीला असताना त्याने दस्तनोंदणीत बोटांचे ठसे घ्यायला सुरुवात केली. १८९७ साली कलकत्त्यास ठशांची कचेरी निघाली; तिची वर्गीकरणपद्धती जगभर हेन्री साहेबाच्या नावाने ओळखली जाते, पण ती बसविण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी अंमलदारांचा मोठा वाटा होता. पाटलाचा नांगर साऱ्या पाटलांचा होता. अंगठा मात्र जगात एकट्याचा. १९०८ च्या नोंदणी कायद्यात २००१ साली दुरुस्ती होऊन छायाचित्र आणि ठसेही आवश्यक झाले. आज आधारच्या यंत्रावर बोट टेकले की यंत्र क्षणात सांगते, हा तोच.

मग साक्षीदाराचे काम संपले काय? कायद्याला तसे वाटत नाही, आणि तो शहाणपणा आहे. बक्षीसपत्राला आजही किमान दोन साक्षीदार लागतात. मृत्युपत्रालाही दोन. मुंबई शहरात हिंदूंच्या मृत्युपत्राला हा नियम १८७० च्या कायद्याने लागू झाला. पुण्या-साताऱ्याकडे तो १९२७ सालापासून सक्तीचा झाला. त्यांपैकी प्रत्येकाने कर्त्याला सही वा निशाणी करताना पाहिलेले असावे, निदान 'ही माझी सही' असे त्याने स्वतः त्याला सांगितलेले असावे. आणि कर्त्याच्या समक्ष आपली सही करावी. मृत्युपत्र कोर्टात शाबीत करायचे तर, साक्षीदार हयात असून येऊ शकत असेल, तर निदान एकाला तरी पिंजऱ्यात उभे राहावे लागते. १८७२ चा पुराव्याचा कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम आला, तरी हा नियम टिकला आहे. गंमत अशी, की साक्षीदाराला आतला मजकूर ठाऊक असण्याची सक्ती नाही. तो कागदाचा साक्षी नाही. माणसाचा साक्षी आहे.

कारण अंगठा कोणाचा एवढेच यंत्राला कळते. अंगठा उमटला तेव्हा माणूस शुद्धीवर होता का, खोलीत त्याला दटावणारे कोणी होते का, मरणाऱ्याचा हात दुसऱ्यानेच धरून शाईत बुडविला नाही ना, हे त्याला विचारून उपयोग नाही. ठसा जितका अचूक, तितका हा धोका मोठा. कारण दुबळी निशाणी लोकांना पाहायला भाग पाडी, आणि पक्का ठसा त्यांना न पाहण्याची मुभा देतो.

काही दिवसांपूर्वी एका नोंदणी कचेरीच्या आवारात मी दुसऱ्याच कामासाठी थांबलो होतो. दस्त लिहिणाऱ्याकडचा एक पोरगा लगबगीने आला. "काका, एक साक्षीदार कमी पडतोय. तेवढी सही देता का? दोन मिनिटांचं काम." मी म्हटले, "कोणाचा दस्त?" "आहेत एक आजी. त्या तिकडे बसल्यात." मी आधी आजींकडे गेलो. लेकीच्या नावे घराचे बक्षीसपत्र करीत होत्या. "आजी, हे काय करताय, ठाऊक आहे ना तुम्हांला?" त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले. घर किती खणांचे, कोणी बांधले, लेकीलाच का द्यायचे, सारे घडाघडा सांगितले. मग म्हणाल्या, "पण तू कोण रे बाबा? कुणाचा कोण? साक्ष घालणार, तर बापाचं नाव नको का कळायला?"

याज्ञवल्क्याचे नाव त्या माउलीने ऐकले असेल की नाही, कोण जाणे. मी नाव सांगितले, वडिलांचे सांगितले, गाव सांगितले. त्या गावी त्यांची एक नणंद दिली होती, असे निघाले. मग त्यांनी माझ्यादेखत अंगठा उठवला, मी त्यांच्यादेखत पूर्ण नावानिशी सही केली, आणि शाई वाळेपर्यंत आम्ही दोघेही त्या कागदाकडे पाहत बसलो.